मी ताईला ओळखलं होतं

लिव्हर बदललेली माणसं तपासणीला आली की बाकावर शेजारी शेजारी बसतात. कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्हाला ऑपरेशननंतर फ्लू झाला होता ना? व्हेंटिलेटरवर होता म्हणे?" मग मी सांगते. ताप कसा आला, किती दिवस काढले, मी केलेल्या कुठल्या चुका तुम्ही करू नका. ऐकणाऱ्याला धीर येतो, कारण मी समोर धडधाकट बसलेली असते.

पण मी अर्धंच सांगते. उरलेलं अर्धं बाकावर बसून सांगण्यासारखं नाही. त्या दिवसांत मी तीन माणसांवर हात उचलला. त्यातली एक माझी सख्खी बहीण होती, जिच्या लिव्हरवर मी जगते आहे. हे सगळं आजार करवतो असं लोक म्हणतात, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही

मी अरुंधती. बडोद्यात रावपुऱ्यात राहते, मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते. कॉलेजात गोळाफेक करायचे. पस्तिशीनंतर माझं लिव्हर बिघडलं. दारू नाही, कावीळ नाही. माझं शरीर स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडत होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी शेवटी पोटात पाणी भरायचं आणि मी घरातल्यांची नावं विसरायचे.

माझा नवरा श्रीरंग कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याचा रक्तगट जुळला नाही. जुळला तो कुंदाताईचा. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बडोद्याजवळच करजणला दिलेली. तिथल्या शाळेत शिकवते, भाऊजींचं स्टेशनरीचं दुकान आहे. तिने मला विचारलंसुद्धा नाही. रिपोर्ट घेऊन घरी आली आणि म्हणाली, "जुळतंय. आता गप्प बस."

मुंबईला ऑपरेशन झालं. तिच्या लिव्हरचा अर्ध्याहून मोठा तुकडा माझ्या पोटात आला. नवं लिव्हर शरीराने परकं म्हणून मारू नये, यासाठी रोज गोळ्या घ्यायच्या असतात. त्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच कमी करतात. इतरांना नुसती सर्दी करणारा विषाणू आमच्यासारख्यांचा जीव घेऊ शकतो. हे मला पाठ होतं. तरीही त्या वर्षीची फ्लूची लस मी "पुढच्या आठवड्यात" म्हणत दोन महिने ढकलली होती. ही माझी पहिली चूक.

शिट्टी

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली होती. हिवाळा होता आणि शहरात स्वाइन फ्लू पसरला होता. औषधांच्या दुकानांतले मास्क संपले होते. मंगळवारी सकाळी मैदानावर मुलींच्या रांगा लावल्या आणि शिट्टी तोंडात धरली. ती वाजलीच नाही. पुन्हा फुंकली. नुसती हवा गेली, तीसुद्धा अर्धी. मुली हसल्या. मला वाटलं, शिट्टीतला मणी अडकला असेल. तेवढ्यात गुडघ्यातलं बळ गेलं आणि मी मैदानातच खाली बसले.

रिक्षाने घरी आले तेव्हा अंगात एकशे तीन ताप होता. मुंबईला डॉक्टरांना फोन लावला. तिकडून एकच वाक्य आलं, "घरी एक मिनिट थांबू नका."

दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. शहाऐंशी आकडा आला तशी सिस्टर पळत गेली. घशात काडी घालून नमुना घेतला. डॉक्टर तरुण होते, गुजराती, शांत आवाजाचे. म्हणाले, "रिपोर्टची वाट नाही बघायची. औषध आत्ताच सुरू." मग श्रीरंगकडे वळून विचारलं, "घरमां कोईने शरदी-खांसी?"

श्रीरंगने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला. चार दिवसांपासून."

मला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या प्लँटमध्ये कुणाचा तरी निरोप समारंभ होता, तिथे तो इतरांबरोबर दाटीवाटीने जेवायला बसला होता. दोन दिवसांनी अंग मोडून आलं. त्याने गुपचूप गोळ्या घेतल्या आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून खोकला.

"का?" मी विचारलं.

"मागच्या सर्दीत पाठवलंस तसं परत बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवशील म्हणून."

उशाशी पाण्याची बाटली होती, भरलेली. ती मी त्याला फेकून मारली. कपाळावर लागली. भुवईच्या वर चिरलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्याने पुसलंही नाही. सिस्टर ओरडली, डॉक्टर मधे आले. मी तेव्हा पूर्ण शुद्धीत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढच्या गोष्टींना आजाराचं नाव देता येतं. याला देता येत नाही.

बरगडी

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. काचेचं दार, आत येणारा प्रत्येक माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला. रिपोर्ट आला, स्वाइन फ्लूच होता.

खोकला म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हा खोकला आतून धरून आपटायचा. एकदा सुरू झाला की पाठ पलंगावरून उचलली जायची, डोळ्यांपुढे लाल व्हायचं, नकळत लघवी व्हायची. तिसऱ्या दिवशी दुपारी खोकता खोकता डाव्या कुशीत 'कट' असा आवाज झाला. बरगडीला तडा गेला होता. त्यानंतर प्रत्येक खोकल्याला कुणीतरी कुशीत सुरा खुपसून फिरवतंय असं वाटायचं, आणि खोकल्याला त्याची पर्वा नव्हती.

मग तोंडावर घट्ट मास्क बांधला. मागे पट्टे, पुढे यंत्र. ते हवा कोंबतं. आपण श्वास सोडत असतो आणि ते आत ढकलत असतं. पुराच्या पाण्यात कुणी मान धरून बुडवावं तसं. मी तो मास्क सात-आठ वेळा ओरबाडून काढला. गालांची कातडी निघाली. ज्यांना हे करावं लागेल त्यांना एकच सांगते: यंत्राशी झगडू नका, त्याच्या ठेक्यात श्वास घ्या. मला ते जमलं नाही. जमलं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर माझ्या पलंगावर वाकले. त्यांच्यामागे गाऊन, टोपी, मास्क घातलेली ताई होती. तिला दोन मिनिटं आत सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बेन, आता नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल. आणि लिव्हरच्या गोळ्या खूप कमी कराव्या लागतील. शरीराला लढू द्यायचं आहे. पण ते लढायला लागलं तर लिव्हरवरही उलटू शकतं."

मी बोलूच शकत नव्हते. ताई बोलली. "डॉक्टर, लिव्हर माझंच दिलेलं आहे. त्याची फिकीर करू नका. तिला श्वास घेऊ द्या."

तिने ते किती मोठ्या मनाने म्हटलं हे आज मला कळतं. त्या वेळी माझ्या डोक्यात दोनच शब्द रुतले. लिव्हर माझं.

बाहेर व्हरांड्यात गेल्यावर तिने श्रीरंगला विचारलं, कपाळावर पट्टी कसली? त्याने सगळं खरं सांगितलं. नळ सोडून खोकण्यासकट. ताईने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. श्रीरंगनेच मला हे नंतर सांगितलं. म्हणाला, "दुसरी लागली तेव्हा बरं वाटलं."

भ्रम

सहा दिवस मी नळीवर होते. त्यातलं मला काही आठवत नाही. नळी काढली त्यानंतरचं मात्र आठवतं, आणि हाच तो अर्धा भाग.

इतके दिवस गुंगीत ठेवलेला माणूस जागा होताना पुष्कळदा भलत्याच जगात जागा होतो. हे नेहमीचं आहे, काही दिवसांत ओसरतं. आमच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असू द्या.

मी जागी झाले ती ताईच्या करजणच्या स्वयंपाकघरात. फरशी ओली होती. भिंतीपलीकडे कुणीतरी विळीला धार लावत होतं, तो आवाज थांबतच नव्हता. पांढरे कपडे घातलेली, तोंड बांधलेली माणसं यायची, माझं पोट चाचपून जायची. आपसात बोलायची. ती लिव्हर परत न्यायला आली आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माझे हात पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. ते मी नळ्या उपटू नयेत म्हणून बांधले होते. मला वाटत होतं, कापताना हलू नये म्हणून.

दक्षा सिस्टर माझ्या हाताची सुई बदलायला आली. त्यासाठी तिने एक पट्टा सोडला. मी तिचा हात धरून तोंडाशी ओढला आणि अंगठ्याच्या खाली चावले. आधी दातांना ग्लोव्हचं रबर लागलं, मग मांस. मी सोडलं नाही. ती म्हणत होती, "बेन, छोडी दो, छोडी दो ने," आणि तिचा आवाज चढत चढत किंकाळी झाला. दोन वॉर्डबॉयनी माझा जबडा दाबून उघडला. तोंडात खारट चव होती. त्या चवीने मला आनंद झाला. हेही लिहायला हवं.

मी मराठीत ओरडत होते आणि तिथे कुणालाच ते नीट कळत नव्हतं. म्हणून त्यांनी ताईला बोलावलं. तिच्या आवाजाने शांत होईल असं त्यांना वाटलं.

ती आली. गाऊन, टोपी, मास्क, चष्मा. नुसते डोळे दिसत होते. ती माझ्यावर वाकली. "अरू, मी आहे. बस ने आता. शांत हो."

मी उजवा पाय वर घेतला आणि टाच तिच्या पोटात मारली. पुढे तोच पाय उचलायला शिकण्यासाठी मला तीन आठवडे फिजिओथेरपी लागली. त्या क्षणी तो कुठल्या बळाने उचलला गेला कोण जाणे. मी ओरडले, "मागायला आलीस ना? घे! फाडून घे!"

ताईच्या तोंडून नुसता "हं" असा आवाज आला. ती दोन्ही हातांनी पोट धरून हळूहळू खाली बसली आणि मग मला दिसेनाशी झाली.

आठवत नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर नव्हतं. काचेचं दार होतं, बाहेर व्हरांडा होता. दक्षा सिस्टर चमच्याने मला साबुदाण्याची पेज भरवत होती. तिच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती, म्हणून ती डाव्या हाताने भरवत होती आणि थोडी पेज माझ्या हनुवटीवर सांडत होती.

"कशुं याद छे, बेन?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच आठवत नाही."

"सारुं," म्हणजे बरं झालं, असं म्हणून तिने हनुवटी पुसली. मी चावल्यामुळे तिला टाके पडले होते, वर माझा विषाणू लागू नये म्हणून औषधाचा कोर्स घ्यावा लागला होता. तिने ड्यूटी बदलून मागितली नाही. मी तिला सॉरीसुद्धा म्हटलं नाही, कारण सॉरी म्हटलं असतं तर आठवतंय हे कबूल झालं असतं.

ताई त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. श्रीरंग म्हणाला, "तिच्या शाळेत परीक्षा आहेत."

पाचव्या दिवशी आरशात माझे डोळे पिवळे दिसले. शरीर फुप्फुसांसाठी लढायला उठलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच लिव्हरवर उलटलं होतं. लगेच गोळ्या वाढवल्या, तीन दिवस मोठी इंजेक्शनं दिली. त्या इंजेक्शनांनी झोप उडते आणि डोकं तापतं. मी श्रीरंगवर ओरडले, "ताईला सांग, तिचं लिव्हर चाललं! येऊन बघ म्हणावं एकदा! दोन वर्षं रोज फोन करून विचारत होती, आता कुठे आहे?"

श्रीरंग खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "तिला हर्निया आहे."

लिव्हर काढताना तिच्या पोटावर घातलेला काप एका जागी आतून उसवला होता. ऑपरेशननंतर आठ-नऊ महिन्यांनी. तेव्हापासून ती साडीच्या आत पट्टा बांधून वर्गात उभी राहत होती. भाऊजींना माहीत होतं, श्रीरंगला माहीत होतं. मला कळू द्यायचं नाही अशी तिने दोघांना शपथ घातली होती. माझी लाथ नेमकी तिथे बसली. आतडं अडकलं. एक दिवस तिला त्याच दवाखान्यात, माझ्या खालच्या मजल्यावर ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते बाहेरून दाबून आत बसवलं आणि बजावलं, महिन्या-दीड महिन्यात ऑपरेशन करून घ्या.

"तू शुद्धीत नव्हतीस," श्रीरंग म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

मी भिंतीकडे तोंड केलं.

घरी

लिव्हर सावरलं. रक्ताचे आकडे आठवड्याभरात उतरले. पंचवीस दिवसांनी मी घरी आले तेव्हा जिना चढायला श्रीरंगने मला मागून धरलं होतं आणि मी प्रत्येक पायरीवर थांबत होते. तो आपणहून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. पंधरा दिवसांनी मी त्याची चादर आत आणून टाकली. म्हटलं, "सर्दी झाली तर तोंडावर सांग. बाकी काही म्हणणं नाही." त्याच्या भुवईवर खूण राहिली आहे. आमचं सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही तो घसा खाकरला की मी दचकते, आणि मी दचकले की तो उठून बाहेर जातो.

ताई फोन करायची. पूर्वीसारखाच. काय खाल्लंस, ताप बघितलास का. तिसऱ्या की चौथ्या फोनवर ती म्हणाली, "त्या दिवसाचं तुला काही आठवतं का गं?"

"नाही ताई."

"बरं झालं," ती म्हणाली.

दीड महिन्याने तिचं ऑपरेशन बडोद्यातच एका छोट्या दवाखान्यात झालं. मी दवाखान्यात पाऊल टाकू नये असा डॉक्टरांचा हुकूम होता. मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास परवानगी दिली, दुहेरी मास्क आणि कशालाही हात न लावण्याच्या अटीवर. भाऊजी जेवायला बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघीच.

ताई उताणी पडली होती. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. मला बघून म्हणाली, "कशाला आलीस? अक्कल आहे का?"

मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, मला आठवतंय."

"काय?"

"लाथ. दुसरं कुणी वाटलं म्हणून नाही मारली. तू आहेस हे कळलं होतं मला. मी तुला ओळखलं होतं."

तिने पोटावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"आधी 'ताई' अशी हाक मारलीस. मग लाथ मारलीस. त्या सिस्टरनेही ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आठवत नाही म्हणालीस. म्हटलं राहू दे."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सांगायचं होतं ते सगळं सांगून टाकलं. "ते भ्रमात सुचलं नव्हतं, ताई. दोन वर्षं मनात होतं. तू फोन करून काय खाल्लंस विचारलंस, की मला वाटायचं, ही माझी नाही, तिच्या वस्तूची चौकशी करतेय."

"करतच होते," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"अगं, माझ्या पोटातून काढलेलं. चौकशी नको करू? हर्निया झाला तेव्हा न्हाणीघरात बसून तुझ्या नावाने शिव्या घातल्या मी. आणि तू बाहेरचा दहीवडा खाल्लास हे कळलं ना, तेव्हा वाटलं, यावं आणि एक ठेवून द्यावी."

"मग द्यायची होतीस."

"श्रीरंगला दिल्या ने दोन."

मला हसू फुटलं. तीही हसली आणि लगेच पोट धरून कळवळली. "हसवू नकोस. टाके आहेत." डोळ्यांतलं पाणी हसण्याचं होतं की दुखण्याचं, तिचं तिला माहीत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला संडासला जायचंय."

"सिस्टरना बोलावते."

"कशाला? तू आहेस ने. हात दे."

कशालाही हात लावायचा नाही, ही अट मी विसरले नव्हते. तरी उठले. तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला, माझा हात तिच्या कमरेखालून घातला आणि तिला उभं केलं. तिने पाय जमिनीला टेकवले आणि सगळा भार माझ्यावर टाकला. माझ्या डाव्या कुशीत, जुळत आलेल्या बरगडीत कळ आली. माझा श्वास अडकलेला तिला कळला असावा.

"दुखतंय का गं?" तिने विचारलं.

नाही म्हणणं अगदी ओठावर होतं.

"दुखतंय," मी म्हणाले.

"मलाही," ताई म्हणाली. "चल."